संध्याकाळचा पाय

माझा डावा पाय सकाळी अगदी सरळ माणसासारखा असायचा. घोटा दिसायचा, नडगी दिसायची, बोटं आपापल्या जागेवर. दुपारी बारानंतर त्याला चढायला लागायची. चार वाजेस्तोवर तो असा फुगायचा की चपलेच्या अंगठ्यात अंगठा शिरायचा नाही. अंधार पडायच्या सुमारास पाय माझा की शेजारच्याचा, हे हात लावून बघावं लागायचं.

मी चौथीपर्यंत शिकलो. त्यानंतर वरोरच्या किनाऱ्यावरून बोटीवर गेलो तो म्हातारा होईपर्यंत बोटीवरच. बोटीवर माणूस उभाच असतो. बसला तो एकतर सुकाणूवरचा तांडेल, नाहीतर आजारी. त्यामुळे पाय हे उभं राहायलाच दिलेत असं मी धरून चाललो होतो. पिंडरीवर शिरा दोरीसारख्या वर आल्या होत्या, त्याला झाली वीसेक वर्षं. बायको म्हणायची, “अहो, जाळ्याची दोरी कातडीखाली गेलीय का बघा, कुणाला तरी दाखवा.” मी म्हणायचो, दाखवतो. आमच्या संसारात ‘दाखवतो’ हा माझा ठरलेला शब्द होता.

बायको दोन वर्षांपूर्वी गेली. आठ दिवस ताप, नवव्या दिवशी नाही. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. लिहायला बसलो की राग येतो, आणि तो नेमका कुणावर काढायचा ते कळत नाही.

तिची कासा गावच्या बाजारात जागा होती. आठवड्याच्या बाजारात शिरीषाच्या झाडाखाली, कांदेवालीच्या बाजूला. तीस वर्षं ती तिथे सुके बोंबील, जवळा, मांदेली विकत बसली. या जागेचा कुठे कागद नाही. बाजाराचा आपला कायदा आहे: तीन बाजार सलग रिकामी राहिली की जागा सुटली, मग जो पहिली गोणी टाकेल त्याची. ती गेल्यावर दोन बाजार असेच गेले. तिसऱ्याच्या आदल्या दिवशी कांदेवालीने कुणाकडून तरी निरोप पाठवला की प्लॅस्टिकवाला झाडाकडे बघायला लागलाय. मी दुसऱ्या दिवशी पहाटे टोपल्या उचलल्या, बायांच्या टेम्पोत चढलो आणि तिच्या जागेवर जाऊन उभा राहिलो.

टेम्पोत सगळ्या बाया. आमच्यात म्हावरं पुरुष धरतो आणि विकते ती बाई. पुरुषाने टोपलीमागे उभं राहायचं म्हणजे कोंबड्याने अंड्यावर बसल्यासारखं. पहिल्या दिवशी टेम्पोतल्या एकीने मला विचारलं की लुगडं कुठे ठेवलंय. मी म्हटलं, धुवायला टाकलंय. त्यानंतर त्यांनी मला आपल्यातलाच धरला.

विकायला मात्र मी नालायक. बायको गिऱ्हाइकाच्या सासूची चौकशी करायची, मूठभर जवळा वर टाकायची, आणि बाई हसत जायची. मी भाव एकदा सांगतो. पुन्हा विचारला तर म्हणतो, आत्ताच सांगितला ना. पण मी विकायला जातच नव्हतो. जागा धरायला जात होतो. तिची एवढी एकच गोष्ट अजून चालू होती. लुगडी लेकीने वाटली, बोंबील सुकवायच्या वलांड्या पुतण्याने नेल्या. जागा मात्र त्या झाडाखाली तिची होती, आणि सगळा बाजार अजून तिला ‘बोंबीलवालीची जागा’ म्हणत होता.

प्लॅस्टिकवाला वाईट माणूस नव्हता. फक्त त्याच्या बादल्या दर बाजाराला एक वीत पुढे यायच्या. मी त्या पायाने मागे सरकवायचो. तो म्हणायचा, “चाचा, हवेने सरकतात.” मी म्हणायचो, “हवा एकाच बाजूने येते का रे?” असं आमचं छान चाललं होतं.

आणि दिवसभर मी उभा. सकाळी सातपासून दुपारी चारपर्यंत, झाडाला पाठ न टेकता.

तेवढ्यात पायाने नाटक सुरू केलं. घोट्याच्या वर आतल्या बाजूला कातडी काळी पडली, तांब्याच्या भांड्याच्या बुडासारखी. मग खाज. मग खाजवून खाजवून तिथे एक जखम झाली, आठ आण्याएवढी, आणि ती भरेना. हळद लावली, खोबरेल लावलं, समुद्राच्या पाण्यात धुतली. तोंड बंद करायचं नाव नाही.

माझी एकच लेक. तलासरीला दिली आहे. आईवर गेलीय, म्हणजे बोलायला लागली की भरती येते. तिने फोनवरून फर्मान काढलं की बाजार सोड आणि माझ्याकडे राहायला ये. मी नाही म्हटलं. मग ती म्हणाली, “बाबा, डॉक्टरला दाखव. डॉक्टर बाजार बंद म्हणाला तर बंद. चालू म्हणाला तर मी तोंड उघडणार नाही.” ती तोंड उघडणार नाही हे आमिष एवढं मोठं होतं की मी हो म्हणून बसलो.

फोन ठेवल्यावर डोक्यात आलं की डॉक्टर बंद म्हणाला तर जागा गेली. म्हणजे आता डॉक्टरकडे जायचं, पण त्याला काही सापडता कामा नये.

उपाय सोपा होता. पाय सकाळी सज्जन असतो, तर डॉक्टरकडे सकाळीच जायचं. वर खात्री म्हणून मी जुन्या जाळ्याची एक पट्टी कापली आणि गुडघ्यापासून खाली घट्ट गुंडाळून झोपलो. गोणीचं तोंड बांधतात तशी वर गच्च गाठ मारली. सकाळी दवाखान्याच्या मागे जाऊन जाळं सोडलं. पाय नवऱ्या मुलासारखा सडपातळ. खुशीत आत गेलो, पायजमा वर केला, आणि डॉक्टर खुर्चीतून अर्धा उठला. पायभर शंकरपाळ्याच्या आकाराच्या खुणा, वरपासून खालपर्यंत रांगेत. त्याने चष्मा लावला, चष्मा काढला. हे कधीपासून आहे, घरात आणखी कुणाला आहे का, खाण्यात काय नवीन आलं, सगळं विचारलं. मी म्हटलं, नवीन काही नाही, जुनंच आहे. खोटं नव्हतं, जाळं दहा वर्षांचं होतं. त्याने कातडीच्या रोगाचं मलम दिलं आणि दोन महिने म्हावरं बंद सांगितलं. म्हावरं बंद! म्हणजे वरोरच्या माणसाने खायचं काय, वाळू?

दुसऱ्या डॉक्टरकडे जाळ्याशिवाय गेलो. पण सकाळीच, आणि रात्रभर पाय भिंतीला वर लावून. त्याने साखर तपासली, छाती ऐकली, पाय दाबला. काहीच नाही. जखमेला पट्टी लावून म्हणाला की वय झालं. हे सांगायला शिकावं लागतं होय? मी लेकीला फोन करून सांगितलं की दोन डॉक्टर झाले, दोघांपैकी एकानेही बाजार बंद सांगितला नाही. ती ‘बरं’ म्हणाली आणि फोन ठेवला. मला वाटलं जिंकलो.

पुढच्या बाजाराला दुपारी तीनच्या सुमारास पाय नेहमीसारखा ठणकायला लागला, तशी मी प्लॅस्टिकवाल्याकडून एक बादली मागून घेतली, हापशाचं गार पाणी भरलं आणि त्यात डावा पाय घालून उभा राहिलो. गार पाण्याने बरं वाटतं. बोटीवर असताना पाय समुद्रात सोडायचो, इथे समुद्र बादलीत आणला. गिऱ्हाईक येत होतं, मी पाय बादलीत ठेवून जवळा मोजत होतो. एक बाई विचारून गेली की बादलीत काय जिवंत आहे का.

तेवढ्यात समोर लेक. मागे जावई, त्याची गाडी रस्त्याला लावलेली.

“बाबा, हे काय?”

“पाय धुतोय.”

“एकच?”

कांदेवाली तोंडावर पदर धरून हसायला लागली. ही माझ्या बायकोची मैत्रीण, दोघी तीस वर्षं शेजारी बसलेल्या. पाड्यावरची बाई, सगळ्यांना अरेतुरे करते, तहसीलदार आला तरी करेल. हसून झाल्यावर तिने माझ्याशी दगाफटका केला. लेकीला म्हणाली, “तीन वाजले का तो बादली मागतो. दर बाजाराला. सकाळचा पाय बघू नको याचा, संध्याकाळचा बघ.”

लेकीने खाली वाकून पायजमा वर सरकवला. पाणी निथळणारा तो पाय, वर निळ्याजांभळ्या गाठी, खाली काळं कातडं आणि मधे जखम. भरतीची पोरगी गप्प बसली, तेव्हा मी घाबरलो.

तलासरीला एका दवाखान्यात शहरातून पायाच्या शिरांची डॉक्टरीण महिन्यातून दोनदा येते, आणि संध्याकाळी बसते. लेकीने आधीच नंबर लावून ठेवला होता. म्हणजे ती बोलायला नाही, धरायलाच आली होती. मी म्हटलं, उरलेला माल आवरू दे, आंघोळ करू दे, उद्या सकाळी जाऊ. “सकाळी नाही,” ती म्हणाली. “आत्ता. हाच पाय.”

टोपल्या गाडीत चढल्या. जावयाने खिडक्या खाली केल्या आणि चारोटीपासून तलासरीपर्यंत हायवेला डोकं बाहेर काढून गाडी चालवली. सुक्या बोंबलाला वास येतो असं लोक म्हणतात. मला कधी आला नाही.

एक गोष्ट मी गाडीत ठेवली नाही. पाट. तो काखेत धरून आत गेलो.

या पाटाचं सांगायला हवं. आमची पहिली होडी फुटली तेव्हा तिची एक फळी मी कापून घेतली आणि बायकोला बाजारात बसायला पाट करून दिला. चार खिळे आणि खाली दोन ठोकळे, बाकी काही नाही. तीस वर्षं बसून बसून मधे खोलगट झाला होता. मी तो दर बाजाराला नेतो, टोपलीमागे तिच्या जागेवर ठेवतो, आणि बाजूला उभा राहतो.

दवाखान्यात आम्ही शिरलो तेव्हा बाकावर पाच-सहा माणसं होती. थोड्या वेळाने दोन राहिली. बाकीच्यांना बाहेर बरं वाटलं असेल. आमचा नंबर लवकर लागला. सुकटीचा असाही उपयोग होतो.

डॉक्टरीण माझ्या लेकीपेक्षा लहान. मला वाटलं हिलाही गुंडाळू. पण तिने पायाला हात लावायच्या आधी प्रश्नच विचारायला सुरुवात केली. सूज सकाळी जास्त की संध्याकाळी? पाय वर केले की उतरते का? आईवडिलांपैकी कुणाच्या पायाला शिरा होत्या? जखम कशाने झाली? बाजारात किती तास उभे असता? मी सकाळ-संध्याकाळच्या प्रश्नाला खोकलो. उत्तर लेकीने दिलं, जाळ्यासकट. जाळ्याची बातमी तिला कुठून मिळाली कोण जाणे. टेम्पोतल्या बाया, दुसरं कोण.

डॉक्टरीण हसली नाही. तिने पावलावर दोन ठिकाणी बोटं ठेवून नाडी बघितली, दोन्ही पायांची. म्हणाली, “काका, आयडिया बरोबर होती. बांधायलाच लागतं. फक्त तुम्ही वर घट्ट बांधलंत आणि खाली सैल, त्याने रक्त खालीच अडकतं. घोट्याला घट्ट आणि वर सैल, असं पाहिजे.” मी लेकीकडे बघितलं. आयडिया बरोबर होती. हे तिने नीट ऐकलं की नाही कोण जाणे.

मग मशीन. त्यासाठी उभं राहायला लागतं, झोपून चालत नाही. मला बरं वाटलं, उभं राहणं मला जमतं. उजव्या पायावर भार द्यायचा, डावा सैल सोडायचा, आणि जरा उंचावर उभं राहायचं म्हणजे तिला वाकावं लागणार नाही. तिथल्या सिस्टरने स्टूल आणलं. त्याचा एक पाय माझ्यापेक्षा वाईट. डुगडुगायला लागलं. सिस्टरने इकडे तिकडे बघितलं, तिला माझ्या काखेतला पाट दिसला. म्हणाली, “हा चालेल की, मजबूत आहे. ठेवा खाली, राहा उभे.”

मी म्हटलं, नाही.

“का?”

“त्याच्यावर पाय नाही ठेवणार.”

डॉक्टरणीने विचारलं, देवाचा पाट आहे का. मी म्हटलं, देवाचा नाही, बसायचा आहे, बाजारातला. तिने लगेच लिहायचं थांबवलं. “म्हणजे बाजारात तुम्हाला बसायला आहे?”

“आहे.”

“आणि तुम्ही नऊ तास उभे असता.”

“हो.”

“मग बसत का नाही, काका?”

दोन डॉक्टर फसवले, पण हे मला कुणी विचारलंच नव्हतं. दर बाजाराला शंभर माणसं तो रिकामा पाट आणि बाजूला उभा असलेला मी बघत होती, एकानेही विचारलं नाही. कांदेवालीनेही नाही. तिला माहीत असेल.

मी म्हटलं, “ती बसते ना तिथे.”

बोललो आणि मलाच कळलं की मी काय बोललो. सिस्टर मशीनची वायर सरळ करायला लागली, ती आधीच सरळ होती. लेक भिंतीवरचा पायाचा तक्ता वाचत राहिली. तक्त्यावर वाचण्यासारखं फार काही नव्हतं.

शेवटी फरशीवरच उभा राहिलो आणि डॉक्टरीण खाली मांडी घालून बसली. माझ्यामुळे एवढी शिकलेली पोरगी फरशीवर. पायाला गार चिकट काहीतरी लावलं, त्यावर एक दांडी फिरवली. पडद्यावर काळंपांढरं काही हलत होतं. तिने पिंडरी दाबली तसा मशीनमधून आवाज आला, सुळ्ळकन वर गेल्यासारखा. हात सोडला तर तोच आवाज उलटा, खाली येणारा, आणि तो येतच राहिला. ती म्हणाली की शिरांमध्ये छोट्या छोट्या झडपा असतात, रक्त वर गेलं की मागे बंद होतात. माझ्या बंद होत नाहीत.

हे मला कुणी शिकवायला नको. खाडीच्या बांधाला उघडी असते, ओहोटीला उघडणारी आणि भरतीला मिटणारी फळी. फळी कुजली की भरतीचं पाणी शेतात शिरतं आणि साचतं, माती काळी होते, तिथे काही उगवत नाही. माझ्या घोट्याचं शेत झालं होतं. एवढ्या वर्षांत माझ्या पायाबद्दल कुणी माझ्या भाषेत बोललं असेल तर ते हे मशीन.

मग ती टेबलामागे बसली आणि कागद पुढे ओढला. लेक पुढे सरकली. मी पाट मांडीवर धरला. आता निकाल.

डॉक्टरीण म्हणाली की शिरा बिघडल्यात, जुना रोग आहे, मरणार नाही, पण जखम अशीच ठेवली तर पाय मला बसवून ठेवेल. पट्टी आठवड्याला बदलायची. नाडी चांगली आहे, म्हणून घट्ट मोजे घालायचे, सकाळी खाटेवरून उतरायच्या आधी. घरी पाय छातीच्या वर ठेवून पडायचं. चालायचं. दीड महिन्याने परत दाखवायचं, तेव्हाही भरली नसेल तर शिरेला लेझरने बंद करायचं बघू.

“आणि बाजार?” लेकीने विचारलं.

डॉक्टरीण माझ्याकडे बघत होती. “उभं राहून बाजार बंद. आजपासून. बसून करणार असाल तर करा. पाय पुढे लांब सोडून बसायचं, अर्ध्या तासाने उठून फेरी मारायची. बसणार असाल तर लिहिते, नाहीतर बंद लिहिते. काय लिहू?”

डॉक्टरनेच पेशंटला विचारायचं हे मी पहिल्यांदा बघितलं. लेकही काही बोलली नाही. शब्दाला पक्की आहे, आईसारखी.

“बसून लिहा,” मी म्हटलं.

पुढच्या बाजाराच्या सकाळी मोजा घातला. घातला म्हणतो, पण ती कुस्ती होती. कातडीच्या रंगाचा, गुडघ्यापर्यंत, एवढा तंग की लेक आदल्या दिवशी मुक्कामाला आली होती ती याच कामासाठी. तिने तळव्याकडून ओढला, मी वरून, मधे दोघांनी एकमेकांना शिव्या दिल्या. पोत्यात जिवंत वाम मासा घालणं याहून सोपं. टेम्पोत बायांनी तो बघितला आणि मागचा लुगड्याचा प्रश्न पुन्हा निघाला.

झाडाखाली टोपल्या मांडल्या. पाट ठेवला. आणि सवयीने बाजूला उभा राहिलो. प्लॅस्टिकवाल्याच्या बादल्या वीतभर पुढे होत्याच. कांदेवाली कांद्यांवरची सालं काढत होती, माझ्याकडे न बघता म्हणाली, “दादा, बस. ती काय बोलणार नाय.”

“तू कशावरून सांगतेस?”

“बोलायची असती तर तुझा भाव ऐकून तवाच बोलली असती.”

मी बसलो. पाट माझ्या मापाचा नव्हता. मधली खोलगट जागा तिची, ती काही माझ्यासाठी सरळ होणार नाही. थोडा वाकडा बसलो. पाय मोज्यासकट पुढे पसरले ते थेट रस्त्यात, गिऱ्हाइकाला वळसा घालावा लागत होता. भाव सांगून उठून दुसरीकडे वळायची सोय नव्हती, त्यामुळे बाई भाव विचारून थांबली की तिच्याशी काहीतरी बोलत राहणं भाग. मी एकीला विचारलं, सासू कशी आहे. ती म्हणाली, गेली चार महिन्यांपूर्वी. मग मी मूठभर जवळा वर टाकला.

खालून बाजार वेगळाच दिसतो. तोंडं दिसत नाहीत, पाय दिसतात. तीस वर्षं तिने हेच बघितलं असणार, म्हणून तर माझे पाय तिला आधी कळले. मीही बघत बसलो. जाणाऱ्यांत किती घोटे काळे, किती पिंडऱ्यांवर दोऱ्या. आणि बाजूला, कांद्यांच्या ढिगाऱ्याला टेकलेला एक पाय, घोट्यावर माझ्यासारखंच तांब्याचं बूड.

“तुझ्याही पायाला आहे,” मी कांदेवालीला म्हटलं. “दाखव जाऊन.”

“दाखवते,” ती म्हणाली.

हा शब्द मला चांगला माहीत आहे. पुढच्या बाजाराला जावयाची गाडी सांगून ठेवलीय. संध्याकाळची.